बग्रामच्या तळावर खोटी जॉब कार्डं भरली गेली. आता तक्रार करता येईल का?

भांडारवाला

नमस्कार मंडळी. बरेच महिने मनात घोळवून आज लिहितोय. मी २०१८-१९ मध्ये अफगाणिस्तानात बग्रामच्या अमेरिकी हवाई तळावर कामाला होतो. मुख्य कंत्राट एका बड्या अमेरिकी कंपनीकडे, तिच्या हाताखाली आखातातली एक पोटकंत्राटदार कंपनी, आणि मी त्या पोटकंत्राटदाराच्या स्टोअरमध्ये. जनरेटरचे सुटे भाग, तेल, फिल्टर, बेल्ट, कूलंट, सगळं माझ्या ताब्यात. नावं इथे लिहीत नाही.

आमच्या भागातली सगळी वीज जनरेटरवर होती. प्रत्येकाला अवर मीटर असतो. २५० तास झाले की सर्व्हिस करायची असं आमच्याकडे ठरलेलं होतं: तेल बदलायचं, तेलाचा आणि डिझेलचा फिल्टर बदलायचा, बेल्ट बघायचा. मेकॅनिक जॉब कार्ड, म्हणजे कोणत्या मशीनचं काय काम केलं त्याची नोंद, घेऊन माझ्या खिडकीशी येणार, मी इश्यू व्हाउचर फाडणार, त्याची सही घेणार आणि बिन कार्डावर, म्हणजे त्या भागाच्या शिल्लक साठ्याच्या कार्डावर, तेवढे नग वजा करणार. व्हाउचरशिवाय साधा ओ-रिंगसुद्धा बाहेर जायचा नाही.

पुढे मेकॅनिक कमी केले. जे घरी गेले त्यांच्या जागी कोणी आलं नाही. खिडकीवरची गर्दी ओसरली, पण जॉब कार्डं मात्र महिन्याच्या महिन्याला पूर्ण. महिनाअखेरीला सुपरवायझरच्या केबिनमध्ये एका बैठकीत ती भरली जायची. एकच पेन, एकच अक्षर, नावं वेगवेगळ्या मेकॅनिकची. त्यातला एक जण सुट्टीवर नेपाळला गेलेला होता आणि कार्डावर त्याच आठवड्यात त्याने चार मशीनचे फिल्टर बदललेले. माझ्या बिन कार्डावर फिल्टरचा साठा जागचा हलत नव्हता. सुपरवायझरला विचारलं तर म्हणाला, "तू तुझं स्टोअर सांभाळ."

नंतर तपासणी येणार असं कळलं, तेव्हा मला सांगण्यात आलं की फिल्टरचे खोके रात्री काढून मागच्या कंटेनरमध्ये ठेव, म्हणजे साठा कागदाशी जुळेल. मी म्हटलं, व्हाउचर द्या, माल देतो. व्हाउचर कोणी दिलं नाही. पुढच्याच महिन्यात काम कमी झाल्याचं कारण देऊन मला परत पाठवलं. हिशेब चुकता करताना एका कागदावर सही घेतली, त्यात कंपनीच्या कामाबद्दल बाहेर काही बोलणार नाही असं कलम आहे.

बिन कार्डांचे आकडे महिन्याच्या शेवटी स्वतःच्या डायरीत उतरवून ठेवायची मला सवय. ती डायरी माझ्याकडे आहे. त्या हिवाळ्यात राहण्याच्या एका रांगेचा जनरेटर मध्यरात्री बसला, हीटर बंद, आणि पोरं सगळे कपडे अंगावर घालून सकाळपर्यंत बसून होती. त्या मशीनची सर्व्हिस कागदावर नुकतीच झालेली होती. हे माझ्या डोक्यातून जात नाही.

आता इतक्या वर्षांनी काही करता येतं का? मी अमेरिकेचा नागरिक नाही, कधी तिथे गेलेलोही नाही. माझी तक्रार कोण ऐकणार? आणि त्या सहीचं काय?

परखड_पंत

भाऊ, वाईट वाटून घेऊ नका, पण सोडून द्या. मोठ्यांचं काही होत नाही. कुवेतच्या अॅजिलिटी कंपनीचं उदाहरण घ्या. इराक आणि कुवेतमधल्या अमेरिकी सैन्याला अन्न पुरवण्याची साडेआठ अब्ज डॉलरची कंत्राटं. २००९ मध्ये अॅटलांटात फौजदारी आरोपपत्र दाखल झालं. २०१७ मध्ये शेवट काय झाला? कंपनीने एका किरकोळ गुन्ह्याची कबुली दिली आणि त्या गुन्ह्यापोटी भरपाई ठरली ५५१ डॉलर. पाचशे एक्कावन्न! साडेसात वर्षं खटला चालवून हे. तुमच्या फिल्टरच्या खोक्यांना कोण विचारतो?

लेखा_मीनल

पंत, ५५१ चा आकडा खरा आहे, पण तेवढाच सांगून थांबलात तर चित्र उलटं दिसतं. त्याच तडजोडीत दिवाणी बाजूला कंपनीने ९५ दशलक्ष डॉलर रोख भरले आणि सरकारकडे मागितलेल्या २४९ दशलक्षांवर पाणी सोडलं. शिवाय खटला चालू होता तोवर, सात वर्षांहून जास्त काळ, अमेरिकी सरकारची नवी कंत्राटं तिला बंद होती. आणि तो दिवाणी दावा सुरू कोणी केला? कुवेतमधल्याच एका व्यावसायिकाने. अमेरिकी नागरिक नसलेल्या माणसाने. भांडारवाला, तुमच्या एका प्रश्नाचं उत्तर इथेच मिळालं.

आता सविस्तर. मी व्हर्जिनियात सरकारी कंत्राटांचे खर्च तपासण्याचं काम बरीच वर्षं केलं आहे. वकील नाही, त्यामुळे शेवटचा शब्द वकिलाचा. पण तुम्ही जे लिहिलंय ते मला जाडजूड ऑडिट अहवालापेक्षा मोलाचं वाटतं, आणि का वाटतं ते सांगते.

युद्धातलं बरंचसं काम कॉस्ट-प्लसवर दिलं जातं. होईल तो खर्च सरकार भरणार, वर फी. उद्या तळावर किती माणसं येतील, रस्ता चालू राहील की नाही, हे कोणालाच ठाऊक नसतं, म्हणून ठोक किमतीला कोणी तयार होत नाही. कारण खरं आहे. पण मग काटकसर करण्यात कंत्राटदाराचा काहीच फायदा उरत नाही, आणि मुख्य कंत्राटदार, त्याचा पोटकंत्राटदार, त्याचाही पोटकंत्राटदार अशा उतरंडीत खालच्याने खोटं लिहिलं की ते वर जाता जाता खरं होऊन जातं. वरच्या माणसाच्या टेबलावर फक्त बिल आणि त्याला जोडलेलं जॉब कार्ड येतं. कार्ड पूर्ण भरलेलं, सही आहे, तारीख आहे. तो पैसे सोडतो.

या प्रवाहात आडवं उभं राहिलेल्या सरकारी माणसांचं काय झालं तेही बघा. बनटीन ग्रीनहाउस या लष्कराच्या इंजिनिअर कोअरमधल्या कंत्राट विभागाच्या सर्वोच्च अधिकारी. २००३ मध्ये इराकच्या तेलक्षेत्रांच्या दुरुस्तीचं कंत्राट स्पर्धेशिवाय केबीआर या बड्या अमेरिकी कंत्राटदार कंपनीला द्यायचं ठरलं, कमाल किंमत सात अब्ज डॉलर, मुदत पाच वर्षांपर्यंत. बाईंनी कागदावर सहीशेजारी स्वतःच्या हाताने आक्षेप लिहिला की स्पर्धेशिवाय इतकी लांब मुदत देऊ नये. २००५ मध्ये त्यांनी अमेरिकी काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, सदस्यांसमोर साक्ष दिली आणि दोनच महिन्यांत त्यांचं पद खाली आणलं गेलं. २०११ मध्ये तडजोड होऊन त्यांना ९ लाख ७० हजार डॉलर मिळाले. सहा वर्षं लढल्यावर. त्याच केबीआरचं छावण्या चालवण्याचं कंत्राट लष्करातर्फे सांभाळणारे चार्ल्स स्मिथ. त्यांनी एक अब्जाहून अधिक खर्चाचे कागद अपुरे आहेत म्हणून पैसे रोखायचं म्हटलं, आणि म्हणूनच आपल्याला त्या कामावरून काढलं असं त्यांनी २००८ मध्ये जाहीरपणे सांगितलं. मला या दोघांबद्दल मनापासून आदर आहे. सरकारची तपासणी आतूनच अशी लुळी पडते, तेव्हा खरं काय घडलं हे सांगू शकणारा माणूस स्टोअरच्या खिडकीत बसलेला असतो.

माझ्या कामातलं एक सांगते. एका कंत्राटाच्या इंधनाच्या पावत्या माझ्यासमोर होत्या. कंपनीचं नाव सांगत नाही. महिनाभर आलेल्या प्रत्येक टँकरने अगदी सारखेच गॅलन उतरवले होते, शेवटच्या आकड्यापर्यंत सारखे. उन्हात डिझेल फुगतं, थंडीत आकसतं, टाकीच्या तळाशी थोडं राहतं. खरी मापं अशी कधी येत नाहीत. पण मला हे कागदावरून फक्त ओळखता आलं. टँकर खरंच आला होता का, हे सांगणारा गेटवरचा मुलगा तोवर घरी गेला होता आणि त्याचा पत्ता कोणाकडे नव्हता. तुमच्या डायरीबद्दल वाचताना मला तो गेट आठवला.

आता कायदा. फॉल्स क्लेम्स अॅक्ट, म्हणजे सरकारला खोटी बिलं लावणाऱ्यांविरुद्धचा अमेरिकी कायदा. त्यावर लिंकनने २ मार्च १८६३ ला सही केली. यादवी युद्ध चालू होतं आणि पुरवठादारांनी लूट मांडली होती. लष्कराने साडेतीन डॉलरला विकून टाकलेल्या पाच हजार जुन्या हॉल कार्बाइन बंदुका मधल्या दलालांमार्फत फिरून त्याच लष्कराला २२ डॉलरला परत विकल्या गेल्या, हे त्याच काळातलं प्रकरण. सरकारकडे पुरेसे तपासनीस नव्हते, म्हणून कायद्याने सांगितलं की ज्याला फसवणूक ठाऊक आहे त्या कोणीही सरकारच्या वतीने कोर्टात जावं, वसुलीतला वाटा त्याला मिळेल. दुसऱ्या महायुद्धाच्या ऐन मध्यावर, १९४३ मध्ये, काँग्रेसने हाच कायदा बोथट केला. सरकारला आधी माहिती असेल तर खासगी दावा बंद, आणि वाटाही कापला. १९८६ मध्ये पुन्हा धार लावली: नुकसानीच्या तिप्पट वसुली, दर खोट्या बिलामागे वेगळा दंड (सध्या साधारण १४ हजार ते २८ हजार डॉलर), आणि दावा आणणाऱ्याला १५ ते २५ टक्के. सरकार दाव्यात उतरलं नाही आणि तुम्ही एकट्याने जिंकलात तर २५ ते ३० टक्के. पोटकंत्राटदारही यात सापडतो. त्याने बिल थेट सरकारला दिलेलं नसलं, तरी त्याच्या खोट्यामुळे वरच्याने सरकारला खोटं बिल दिलं एवढं पुरतं.

मुदतीकडे मात्र डोळे उघडे ठेवून बघा. साधी मुदत सहा वर्षं, खोटं बिल सादर झालं त्या तारखेपासून. तुमची ती उलटली. दुसरी वाट अशी: जबाबदार सरकारी अधिकाऱ्याला फसवणूक कळल्यापासून तीन वर्षं, पण मूळ घटनेपासून दहा वर्षांच्या आत. ही दुसरी वाट तुमच्यासारख्या खासगी माणसालाही खुली आहे हे सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये एकमताने सांगितलं, आणि ते प्रकरणही युद्धातलंच. इराकमध्ये मागे उरलेला दारूगोळा साफ करण्याच्या कामात सुरक्षेचं पोटकंत्राट लाच देऊन मिळवलं असा आरोप होता. घटना २००६-०७ च्या. हंट नावाच्या माणसाने २०१० मध्ये एफबीआयला सांगितलं, दावा केला २०१३ मध्ये, म्हणजे सहा वर्षांनंतर पण दहाच्या आत. तो स्वतः दुसऱ्या एका प्रकरणात लाच घेतल्याबद्दल तुरुंगात जाऊन आलेला होता. तरी कोर्टाने मुदतीच्या मुद्द्यावर दार उघडं ठेवलं. तुमच्या हातून तर काही वावगं झालेलं नाही. तुमच्या २०१९ च्या बिलांना २०२९ ही बाहेरची सीमा, २०१८ च्यांना २०२८. तेही सरकारला हे आधीच कळलेलं नसेल तर. म्हणजे २०२८ पासून दर महिन्याला एक महिन्याची बिलं हातातून जाणार आहेत.

युद्ध चालू असताना मुदत थांबते असं काही जण सांगतील. असा कायदा आहे खरा, १९४२ पासून. पण तो फक्त फौजदारी गुन्ह्यांना लागू होतो असं २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाने ठरवलं. ते कार्टर प्रकरण केबीआरविरुद्धच होतं: इराकमध्ये पाणी शुद्ध करण्याचं काम न करता त्याचे तास लावले असा आरोप. त्या दाव्याचं पुढे जे झालं त्याबद्दल लिहायचं आहे, पण आधी तुम्ही तुमची बाजू नीट सांगा. मुख्य कंपनीला हे माहीत होतं का? डायरीत नेमकं काय काय आहे?

अनुराधा_टेक्सास

मीनलताई, फार चांगलं लिहिलंत. माझा मुलगा अमेरिकी लष्करात आहे, त्यामुळे हे सगळं मी वेगळ्याच जिवाने वाचते. एक भर घालते. थ्रीएम कंपनीने सैनिकांना विकलेले कानातले बोळे आखूड होते, काहींच्या कानात नीट बसत नव्हते आणि नकळत सैल व्हायचे, हे कंपनीला ठाऊक असून तिने सांगितलं नाही असा आरोप होता. दावा आणला तो याच धंद्यातल्या प्रतिस्पर्धी कंपनीने. २०१८ मध्ये आरोप मान्य न करता ९१ लाख डॉलर भरून ते प्रकरण मिटलं. तेव्हा तेही किरकोळ वाटलं असेल. पण त्यातून बाहेर आलेल्या गोष्टींवर सैनिकांनी स्वतः दावे केले, लाखोंच्या संख्येने, आणि २०२३ मध्ये सहा अब्ज डॉलरची तडजोड झाली.

भांडारवाला, ज्या पोरांनी ती रात्र थंडीत काढली त्यांच्यापैकी कोणालाही कळणार नाही की हीटर का बंद पडला. तुम्हाला माहीत आहे. कृपा करून मागे हटू नका.

जुना_बातमीदार

परखड पंतांचा राग मला समजतो. तरी इतिहासात एक चांगला अध्याय आहे. १९४१ मध्ये सिनेटर हॅरी ट्रूमन यांनी युद्धाच्या खर्चावर नजर ठेवणारी समिती उभी केली. त्यांच्याच पक्षाचं सरकार, त्यांचाच राष्ट्राध्यक्ष, तरी समितीने हयगय केली नाही. १९४३ मध्ये ओहायोतल्या लॉकलंड इथल्या कर्टिस-राइटच्या कारखान्यातून सदोष विमान इंजिनं पास होऊन जात असल्याचं तिने उघड केलं. काटेकोरपणे तपासणाऱ्या तपासनिसांना दुसरीकडे हलवलं जात होतं. पुढे लष्करानेच कोर्टमार्शल करून तीन अधिकाऱ्यांना कर्तव्यात कसूर केल्याबद्दल दोषी धरलं. युद्ध चालू असतानाच हे सगळं झालं, हे मला महत्त्वाचं वाटतं.

इराक-अफगाणिस्तानच्या वेळी तसाच आयोग नेमला गेला, पण २००८ मध्ये, म्हणजे इराकमध्ये पाच वर्षं पैसा ओतून झाल्यावर. त्या आयोगाने २०११ च्या अहवालात उधळपट्टी आणि फसवणुकीत मिळून ३१ ते ६० अब्ज डॉलर गेल्याचा अंदाज दिला. अंदाजातच जवळजवळ तीस अब्जांचा फरक! इतकी वर्षं कोणी मोजलंच नव्हतं.

भांडारवाला

सगळ्यांचे आभार. पंत, तुमचाही राग नाही.

मीनलताई, तुम्ही विचारलंत ते सांगतो. डायरीत प्रत्येक महिन्याच्या शेवटच्या दिवशीचा तेलाच्या आणि डिझेलच्या फिल्टरचा शिल्लक आकडा आहे, भाग क्रमांकासकट. कोणत्या तारखेला माल आला तेही आहे. जॉब कार्डांच्या प्रती माझ्याकडे नाहीत, पण आमच्या भागातले जनरेटर किती आणि कुठे होते ते मला तोंडपाठ आहे. मुख्य कंपनीचा एक इंजिनिअर दर पंधरवड्याला फेरी मारायचा. त्याने एकदा माझ्या खिडकीवर येऊन बिन कार्ड हातात घेतलं, बघितलं आणि काही न बोलता परत ठेवलं. त्याला काय कळलं ते मी सांगू शकत नाही.

मघाशी लिहिलं तो नेपाळचा मेकॅनिक, ज्याच्या नावाने सुट्टीतली कार्डं भरली, तो अजून माझ्या संपर्कात आहे. त्याच्या पासपोर्टवर जाण्या-येण्याचे शिक्के आहेत. तो म्हणतो, दादा तू करशील तर मीही करीन. त्यानेही वेगळा दावा करावा का? आणि सहीचं राहिलं. वकिलाला द्यायला माझ्याकडे पैसे नाहीत हेही सांगून ठेवतो.

लेखा_मीनल

बिन कार्डाचा आकडा भाग क्रमांकासकट आहे हे वाचून मी खुर्चीत सरळ बसले. तुमच्याकडे जॉब कार्डं नाहीत, पण ती सरकारकडे असणार, कारण त्यांच्याच जोरावर बिल पास झालं. तिकडच्या कार्डावर अमुक महिन्यात इतके फिल्टर बदलले असं लिहिलेलं, इकडे तुमच्या डायरीत साठा जागच्या जागी, आणि खरेदीच्या नोंदीतही नवे फिल्टर घेतल्याचं नसेल. तिन्ही शेजारी ठेवले की वाद घालायला जागा उरत नाही. अशा दाव्यात कोर्ट मोघम आरोप चालवून घेत नाही: कोणी, कधी, कुठे, कसं हे लिहावं लागतं. तुमच्याकडे ते आहे. त्या इंजिनिअरची फेरीही लिहा, पण जेवढं पाहिलंत तेवढंच. मुख्य कंपनीला माहीत होतं असं आपण होऊन जोडू नका, ते शोधायचं काम सरकारचं.

सहीबद्दल. सरकारला न कळलेली फसवणूक दडवण्याच्या उपयोगी पडेल असा करार अमेरिकी कोर्टं सहसा मानत नाहीत. कर्मचाऱ्यांना फसवणूक तपास अधिकाऱ्यांना कळवण्यापासून अडवणारे गुप्ततेचे करार कंत्राटदारांनी करायचे नाहीत असा सरकारी खरेदीचा नियमही २०१७ पासून आहे, आणि तुमची सही त्यानंतरची. तो कागद फाडू नका, वकिलाला दाखवा. तो तुमच्या बाजूचा पुरावा ठरू शकतो.

पैशाचं टेन्शन घेऊ नका. हे दावे घेणारे वकील बहुतेक वेळा वसुली झाली तरच आपला वाटा घेतात. वकील मात्र हवाच. हा दावा सरकारच्या वतीने असतो, म्हणून स्वतःच उभं राहून चालवता येत नाही. दावा बंद पाकिटात दाखल होतो, कंपनीला कळत नाही. सरकारला तपासायला कायद्याने ६० दिवस, प्रत्यक्षात मुदतवाढ मिळत मिळत दोन-तीन वर्षं सहज जातात. त्या काळात कोणालाही, इथेही, दाव्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही. नुसती संरक्षण खात्याच्या महानिरीक्षकांच्या हॉटलाइनवर तक्रार केली तर चौकशी होऊ शकते, पण त्याने तुम्ही दावेदार होत नाही. शिवाय सरकारला कळल्यापासूनची तीन वर्षं तिथून मोजायला लागू शकतात. म्हणून आधी वकील.

पंतांच्या मुद्द्यावर एक बोलायचं राहिलं, कारण त्यात एक खरी वेदना आहे. लुई बर्जर ही न्यू जर्सीची कंपनी इराक-अफगाणिस्तानच्या पुनर्बांधणीच्या कामात होती. तिने कार्यालयीन खर्चाचे दर फुगवून सरकारकडून जास्त पैसे उकळले. बाहेर काढलं कंपनीतल्याच एका कर्मचाऱ्याने. २०१० मध्ये कंपनीने ६९.३ दशलक्ष डॉलर भरले. तिच्या माजी प्रमुखाने पुढे गुन्हा कबूल केला. शिक्षा? २०१५ मध्ये बारा महिने घरीच नजरकैद आणि ४५ लाखांचा दंड. ज्या माणसाच्या हाताखाली वर्षानुवर्षं हे चाललं तो एक रात्रही तुरुंगात गेला नाही, याची मला आजही चीड येते. याउलट मेजर जॉन कॉकरहॅम, कुवेतमध्ये कंत्राटं देण्यासाठी लाखो डॉलर लाच घेणारा लष्करी अधिकारी, त्याला साडेसतरा वर्षं. त्याला झाली ते योग्यच झालं. पण लाच घेणाऱ्याला तुरुंग आणि बिलं फुगवणाऱ्या प्रमुखाला स्वतःचं घर, हे मला पटत नाही. पैसे वसूल होतात, माणसं सुटतात. कंपनीचं नाव कंत्राटांच्या यादीतून काढलं तरी ते सहसा तीन वर्षांपुरतं.

तरीही सुप्रीम फूडसर्व्हिसचं प्रकरण लक्षात ठेवा. अफगाणिस्तानातल्या अमेरिकी सैनिकांना अन्न-पाणी पुरवणारी कंपनी. तिने अमिरातीत स्वतःच्याच ताब्यातली एक मधली कंपनी उभी केली आणि तिच्यामार्फत माल फिरवून भाजी, फळं, बाटलीबंद पाणी यांचे भाव चढवले. २०१४ मध्ये तिने गुन्हा कबूल केला आणि फौजदारी-दिवाणी मिळून ४३४ दशलक्ष डॉलर भरायचे ठरले. दिवाणी दाव्याच्या मुळाशी होता तिचाच एक माजी अधिकारी.

आता नेपाळच्या भावाचं, आणि इथे मी कार्टर प्रकरणाकडे परत येते. या कायद्यात एक कलम आहे: एकाने दावा दाखल केला आणि तो चालू असेल तर त्याच गोष्टीवर दुसऱ्याला दावा करता येत नाही. केबीआरवर तो दावा आणणारा कार्टर याच दगडावर आपटला. त्याच्या आधी कोणीतरी केबीआरवर तशाच आरोपांचा दावा केलेला होता. त्याचा दावा काढून टाकला, त्याने पुन्हा केला, पुन्हा तेच. सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्ये सांगितलं की आधीचा दावा संपला असेल तर तो आडवा येत नाही, म्हणजे या मुद्द्यावर तो जिंकला. तरी खालच्या कोर्टाने २०१७ मध्ये म्हटलं की तुझा दावा दाखल झाला त्या दिवशी आधीचा चालू होता, आणि तो पुन्हा फेटाळला. नव्याने करायला तोवर मुदत उरली नव्हती. पाणी शुद्ध केलं होतं की नाही, हा प्रश्न कोणत्याच ज्यूरीसमोर गेला नाही.

म्हणून तुम्ही दोघांनी वेगळे दावे करू नका. एकाच दाव्यात दोघे दावेदार म्हणून जाता येतं. तुमची डायरी आणि त्याच्या पासपोर्टवरचे शिक्के एकाच पाकिटात जाऊ द्या. आजच त्याला फोन करा आणि सांगा की अजून कोणाशी बोलू नकोस. पासपोर्टच्या सगळ्या पानांचे फोटो काढून मूळ जपून ठेव म्हणावं, नूतनीकरणात जुना पासपोर्ट देऊन टाकला असेल तर तो परत मिळतो का हे आधी विचारायला सांगा. तुमच्या डायरीवर आता काहीही नवं लिहू नका, एक खूणसुद्धा नको. जे आठवतं ते वेगळ्या कागदावर, आजची तारीख घालून लिहा. कंपनीचे इतर कागद कुठून मिळवायच्या फंदात पडू नका.

अशी प्रकरणं घेणाऱ्या दोन-तीन वकिलांची नावं मी तुम्हाला खासगी निरोपात पाठवते. पहिल्या निरोपात डायरीचे फोटो जोडू नका. फक्त एवढं लिहा की बग्राम, २०१८-१९, जनरेटरची न झालेली सर्व्हिस, स्टोअरच्या नोंदी माझ्याकडे आहेत, आणि माझ्याबरोबर दुसरा साक्षीदार आहे.